मी रग्ड, तुम्ही रफ, तो रॅग्ड

गुळगुळीत वस्तूंविषयी इंग्रजी भाषा बेतानेच बोलते. स्मूद, इव्हन, लेव्हल, फ्लॅट एवढ्या चार विशेषणांवर तिचं भागतं. पण समोरचा पृष्ठभाग जरा खडबडीत निघाला, कड जरा वाकडी गेली, की तिला कंठ फुटतो. रफ, रग्ड, रॅग्ड, जॅग्ड, क्रॅगी, स्क्रॅगी, शॅगी, बम्पी, लम्पी, नॉबली, नार्ल्ड, क्रिंकली, लॉपसाइडेड, वॉन्की. इथे दम खाल्ला तरी शब्दकोशात आणखी बरेच उमेदवार रांगेत असतात. ही यादी मनात न वाचता मोठ्याने वाचावी. स्मूद म्हणताना ओठांचा चंबू होतो आणि शब्द अलगद बाहेर घरंगळतो. जॅग्ड म्हणायला जावं तर मधल्या ‘ग’ला ठेच लागते आणि ‘ड’वर आपण आपटतो. क्रॅगीत तर सुरुवातीलाच चढण आहे. इंग्रजीत उच्चार आणि अर्थ यांचं फारसं जमत नाही, असा तिचा लौकिक. खडबडीतपणाचा विषय निघाला की मात्र दोघं एका सुरात बोलू लागतात.

हा माल आपल्याकडेही कमी नाही. ओबडधोबड, उंचसखल, वेडावाकडा, जाडाभरडा, खाचखळगे. आपल्याकडचे बरेचसे जोडीने हिंडतात, आणि ते योग्यच आहे. एका शब्दाने उंचवटा दाखवावा, दुसऱ्याने खड्डा. एकट्याने उंचसखल होणं कुणाला जमणार? इंग्रजी विशेषणं बहुतेक एकेकटी फिरतात, आणि एकेकटी फिरणाऱ्यांची असते तशी प्रत्येकाची ओळखपाळख, ऊठबस वेगळी. दिसायला सगळी एका घरातली. पण एकाला दिवाणखान्यात बसवतात, दुसऱ्याला ओसरीवरून वाटेला लावतात. माझं कुतूहल आहे ते या वागणुकीबद्दल.

या कुळातला थोरला म्हणजे रफ. आर-ओ-यू-जी-एच. मराठी शाळेत पाचवीला इंग्रजीशी गाठ पडलेल्या पिढीने हा शब्द आधी ‘रौघ’ असा वाचला, आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. जुन्या इंग्रजीत त्याच्या शेवटी खरोखरच घशातून खाकरल्यासारखा ‘ख’ होता. पुढे इंग्रजांच्या घशातून तो आवाज नाहीसा झाला, स्पेलिंगमधून मात्र हलला नाही. भाडेकरू सोडून गेला तरी दारावर त्याच्या नावाची पाटी राहावी, तसा तो जी-एच तिथे आहे. मग ज्याला जसं सुचलं तसा त्या रिकाम्या जागेचा वापर झाला: रफ आणि कॉफमध्ये तो ‘फ’ झाला, दो आणि थ्रूमध्ये गप्प बसला, बाउमध्ये मागच्या स्वराला वाकवून गेला. खडबडीत या अर्थाच्या शब्दाचं स्पेलिंगच इतकं खडबडीत असावं, याला शब्दाची निष्ठा म्हणतात.

हा रफ मराठीने कधीच घरात घेतला. रफ वही ही तर मराठी शाळांमधली संस्थाच. जून महिन्यात गेल्या वर्षीच्या वह्यांची कोरी राहिलेली पानं काढायची, एकरेघी, दुरेघी, चौकटी अशी सगळी एकत्र शिवायची, वर जुन्या कॅलेंडरचं कव्हर घालायचं, झाली रफ वही. फेअर वही गुरुजींसाठी, तपासणीसाठी, पालकांच्या सहीसाठी. रफ वही आपली. भागाकार आधी तिथे चुकायचा, निबंधाचं पहिलं वाक्य तिथे खोडलं जायचं, फुली-गोळ्याच्या लढाया तिथेच व्हायच्या. जो काही विचार व्हायचा तो रफ वहीत व्हायचा. फेअर वहीत फक्त त्याचा समारंभ. तरीही मार्क फेअर वहीला.

शाळा सुटली तरी रफ सुटला नाही. दुकानदार ट्रॅव्हल बॅग उलटीपालटी करून सांगतो, “रफ वापराला एक नंबर आहे,” तेव्हा ती स्तुती असते. शेजारच्या वहिनी नव्या जावयाबद्दल “बोलायला जरा रफ वाटतो” म्हणतात, तेव्हा तो इशारा असतो. बॅगेचा रफपणा दुसऱ्याने केलेला मारा सोसण्याचा, जावयाचा तो दुसऱ्यावर करण्याचा. शब्द जागचा हलला नाही. सोसणारा आणि करणारा यांनी फक्त जागा बदलल्या.

हा खेळ इंग्रजीने सगळ्यात उघडपणे खेळला तो रग्ड आणि रॅग्ड या जोडीत. दोघांचं मूळ बहुधा एकाच घरात, स्कँडिनेव्हियातून इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरलेल्या लोकांच्या भाषेत. लोकरीच्या किंवा केसांच्या राठ झुपक्यासाठी त्यांच्याकडे एक शब्द होता. त्यातून इंग्रजीत एका बाजूने रग आला, दुसऱ्या बाजूने रॅग. रग म्हणजे ज्यावर पाय पुसून जायचं ते जाड अंथरूण, रॅग म्हणजे ज्याला पाय पुसायचे ते फडकं. एवढ्यावर पुढची सगळी कथा ठरली. रगच्या वाटेने रग्ड झाला: दणकट, डोंगराळ, पुरुषी, न वाकणारा. रॅगच्या वाटेने रॅग्ड झाला: फाटका, चिंध्या लोंबणारा.

१८४४ साली लंडनमध्ये ‘रॅग्ड स्कूल युनियन’ स्थापन झाली. अंगावर धड कपडा नाही, पायात काही नाही, म्हणून ज्यांना कुठली शाळा दारात उभं करत नव्हती, अशा मुलांना फुकट शिकवणाऱ्या शाळांची ही संघटना. लॉर्ड शाफ्ट्सबरी तिचे अध्यक्ष होते. चार्ल्स डिकन्सने आदल्या वर्षी अशी एक शाळा आत जाऊन पाहिली होती, आणि तिथलं दृश्य त्याच्या डोक्यातून गेलं नाही. ही सगळी मंडळी मनाने चांगली, काम त्याहून चांगलं. पण मुलांचे फाटके कपडे शाळेच्या पाटीवर गेले ते गेलेच. अक्षरओळख व्हायला लागली की त्या पोरांना वाचता येणाऱ्या पहिल्या काही शब्दांत स्वतःबद्दलचं हे विशेषण असणार.

रग्डचा थाट निराळा. १९२८ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या प्रचारात हर्बर्ट हूव्हर यांनी ‘रग्ड इंडिव्हिज्युअलिझम’चा गौरव केला. म्हणजे स्वतःच्या मनगटावर उभा राहणारा, सरकारपुढे हात न पसरणारा रांगडा अमेरिकन. हूव्हर निवडून आले. पुढच्याच वर्षी शेअर बाजार कोसळला, कामं गेली, घरं गेली, आणि पत्रे-खोके ठोकून लोकांनी शहरांच्या कडेला ज्या झोपड्या उभारल्या, त्या वस्त्यांना नाव पडलं हूव्हरव्हिल. रग्ड माणसाचा रॅग्ड व्हायला मनगटात फरक पडावा लागत नाही. बँक बुडली की पुरे.

आता रग्ड जाहिरातीत असतो. रग्ड फोन, रग्ड टायर, रग्ड घड्याळ. हे घड्याळ शंभर मीटर खोल पाण्यात चालतं असं सांगतात, आणि ते घालणारा माणूस दिवसभर वातानुकूलित खोलीत एक्सेल भरत असतो.

चेहऱ्यांची वाटणी पाहा. क्रॅगी म्हणजे कड्याकपारींचा. इंग्रजी कादंबरीत क्रॅगी चेहरा असतो तो निवृत्त कप्तानाचा, मितभाषी गुप्तहेराचा. त्याच्या गालांवरच्या घळींतून अनुभव वाहिलेला असतो. त्याच कादंबरीतल्या समवयस्क बाईच्या चेहऱ्यावरून अनुभव वाहत नाही. तिथे फक्त सुरकुत्या पडतात, आणि त्यांच्यासाठी बाजारात क्रीम मिळतं. झाडांना निदान न्याय मिळाला. नार्ल्ड, म्हणजे गाठीगाठींचा, पीळ पडलेला, हे विशेषण शेक्सपिअरच्या ‘मेझर फॉर मेझर’ या नाटकात एका ओक वृक्षाला लागलं आणि १६२३ च्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या संग्रहात, छापलं गेलं. नंतर कितीतरी काळ त्याला कुणी विचारलं नाही. एकोणिसाव्या शतकात लेखकांनी ते पुन्हा उकरून काढलं, तेव्हापासून जुनी झाडं आणि म्हाताऱ्या कोळ्यांचे हात त्याच्याशिवाय वर्णन करता येत नाहीत.

लीड्सला राहणाऱ्या भाचीने एकदा व्हिडिओ कॉलवर गाजरं दाखवली. एकाला तीन पाय, एक स्वतःभोवतीच गिरकी घेतलेलं. “मामा, ही वॉन्की गाजरं. चव तीच, फक्त नाकासमोर चालत नाहीत म्हणून स्वस्त.” ब्रिटनमधली काही मोठी सुपरमार्केटं अशी भाजी आता वेगळ्या पिशवीत विकतात आणि तिच्यावर चक्क वॉन्की असं छापतात. लाडिक शब्द आहे. डुगडुगणारं टेबल वॉन्की, तिरकं लागलेलं चित्र वॉन्की. रागवावं असं त्यात काही नसतं.

पण त्याआधीचा इतिहास रागावण्याचा आहे. १९८८ साली युरोपीय समुदायाने काकडीचे नियम केले. वरच्या दोन वर्गांतल्या काकडीची कमान दर १० सेंटिमीटर लांबीला १० मिलिमीटरच्या आत हवी. त्याखालच्या वर्गातलीला दुप्पट सवलत. याला कारण होतं, नाही असं नाही. सरळ काकड्या खोक्यात नीट बसतात, खोकं न उघडता मोजता येतात, न बघता सौदा करता येतो. तरी ब्रिटिश वृत्तपत्रांना पुढे वीस वर्षं या वाकड्या काकडीने विनोदाला कमी पडू दिलं नाही. शेवटी १ जुलै २००९ पासून छत्तीसपैकी सव्वीस भाज्या-फळांवरची ही मापं उठली. त्यानंतर काही वर्षांतच वॉन्कीच्या पिशव्या आल्या. कायद्याला जे व्यंग दिसलं होतं, ते विक्री विभागाला व्यक्तिमत्त्व दिसलं. त्या नियमांच्या काळात ब्रुसेल्सच्या कुणा अधिकाऱ्यापुढे आपलं कारलं ठेवायला हवं होतं. खाचखळगे हाच ज्याचा स्वधर्म, त्याला कुठल्या वर्गात बसवावं या विचाराने साहेबांची मुदतपूर्व निवृत्ती झाली असती.

बढती मिळाली की किंमतही वाढते. हातमागाच्या दुकानात कापडाला एक चिठ्ठी लटकत असते. तिचा आशय असा की सुतातल्या गाठी, कमीजास्त जाडी हे दोष समजू नयेत, ती हातकामाची खूण आहे. हे खरंच आहे. पण त्या गाठीला स्लब असं नाव मिळालं आणि गिऱ्हाईक ती मागू लागलं, तेव्हा गिरण्यांना यंत्रावर गाठी काढण्याची सोय करावी लागली. आता सूतगिरणीत त्यासाठी खास जोडणी असते. कुठे जाड, कुठे बारीक, किती अंतराने, हे संगणक ठरवतो, आणि एकच नक्षी पुन्हा पुन्हा येऊन चोरी उघडी पडू नये याचीही काळजी घेतो. सूत एकसारखं निघावं म्हणून हाताने पिढ्यान् पिढ्या मेहनत घेतली. ते बिघडवायला सॉफ्टवेअर लागलं. तीच गत जीन्सची. गुडघ्यावर विरलेली, मांडीवर फाटलेली जीन्स ‘डिस्ट्रेस्ड’ म्हणून विकतात. कपडा वापरून फाटला तर डिस्ट्रेस्ड माणूस असतो, विकतच फाटका घेतला तर डिस्ट्रेस्ड जीन्स असते.

मात्र ज्याच्या बढतीला तोड नाही, त्या शब्दाचा एक जुना मुक्काम गोव्यात आहे. १५६३ साली गोव्यात गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचं पुस्तक छापून निघालं, इथल्या औषधी वनस्पती आणि द्रव्यांवरचे संवाद. हाच ऑर्ता, ज्याच्याकडे मुंबई बेट भाडेपट्ट्याने होतं. औषधांबरोबर संवादात मोत्यांचा विषय निघतो, आणि घाट नसलेल्या, गोल नसलेल्या, पाणी मेलेल्या मोत्यांना तो ‘बारोकु’ म्हणतो. जोहऱ्याने चाळून बाजूला काढलेला माल. कोशकारांचा मोठा गट असं मानतो की याच मोत्याचं नाव फ्रेंचांकडे जाऊन ‘बरोक’ झालं. अठराव्या शतकात ते शिवीसारखं वापरलं जायचं: वेडंवाकडं, अतोनात सजवलेलं, ताळतंत्र सोडलेलं संगीत किंवा इमारत म्हणजे बरोक. १८८८ मध्ये हाइन्रिश व्योल्फलिन या स्विस अभ्यासकाने याच नावाने त्या शैलीचा गंभीर अभ्यास मांडला, आणि शिवीला अंगरखा चढला. आज संगीतकार बाख बरोक आहे, शिल्पकार बर्निनी बरोक आहे, आणि तो शब्द उच्चारताना लोक आवाज खाली आणतात.

गोव्यातच याची पुढची गंमत आहे. जुन्या गोव्याचं बॉम जेझू चर्च, १५९४ ते १६०५ या काळात उभं राहिलेलं, बरोक म्हणून जगप्रसिद्ध. ते प्रामुख्याने जांभ्या दगडाचं, आणि त्यावर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज अमलाखाली तो गिलावा बाहेरून काढून टाकण्यात आला. आतला लालसर, भोकाभोकांचा, खरखरीत जांभा उघडा पडला आणि इमारत एकदम अधिक प्राचीन, अधिक भारदस्त दिसू लागली. म्हणजे ज्या मंडळींनी मूळ बांधलं त्यांना ती गुळगुळीत पांढरी हवी होती. रांगडं रूप आलं ते विसाव्या शतकातल्या डोळ्यांसाठी. पर्यटक भारावतात, फोटो काढतात. जांभ्याला मात्र गोव्याचा पाऊस दरवर्षी सोसावा लागतो. पाणी भोकांत मुरतं, दगड झिजतो, आणि गिलावा पुन्हा चढवावा की नाही यावर गोव्यात वाद रंगतात. चढवला तर रग्डपणा जातो, न चढवला तर दगड. विशेषण पाहणाऱ्याचं, झीज दगडाची.

पाहणारा कुठे उभा आहे यावर सगळं अवलंबून असतं, हे आपल्या पूर्वजांनी तीन शब्दांत सांगून ठेवलं आहे: दुरून डोंगर साजरे. आपण ही म्हण नातेवाइकांसाठी वापरतो, पण ती अस्सल भूगोलाची आहे, आणि विज्ञानाला तिथे पोचायला विसावं शतक उजाडलं. लुइस फ्राय रिचर्डसन हा इंग्रज शास्त्रज्ञ शांततावादी होता. देशांमधल्या सरहद्दीची लांबी आणि युद्धाची शक्यता यांचा काही संबंध लागतो का, ते तो शोधत होता. आकडे गोळा करताना त्याला दिसलं की स्पेन आणि पोर्तुगालमधली एकच सरहद्द स्पेनच्या दफ्तरी ९८७ किलोमीटर आहे आणि पोर्तुगालच्या दफ्तरी १,२१४. कुणी खोटं बोलत नव्हतं. ज्याची मोजपट्टी लहान, त्याला वळणं जास्त सापडतात, आणि लांबी वाढते. १९६७ मध्ये बेन्वा मान्देलब्रो या गणितज्ञाने ब्रिटनचा किनारा किती लांब आहे, असा साळसूद प्रश्न विचारणारा लेख लिहिला. त्याच्या उत्तराचा मथितार्थ: तुम्ही किती जवळून पाहता त्यावर आहे. १९७५ मध्ये त्याने लॅटिनमधल्या ‘मोडलेला’ या अर्थाच्या शब्दावरून ‘फ्रॅक्टल’ हा शब्द घडवला. खडबडीतपणासाठी इंग्रजीत इतकी विशेषणं असताना त्याला आणखी एक लागलं, कारण आधीच्या सगळ्यांनी खडबडीतपणाला वस्तूचा स्वभाव मानलं होतं. त्याने तो मोजायला घेतला.

आपल्याकडे याचा प्रत्यय नुकताच आला. भारताची किनारपट्टी साडेसात हजार किलोमीटर, ७,५१६.६, हे पिढ्यांनी पाठ केलं. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या अहवालात ती ११,०९८.८१ किलोमीटर झाली. एक चौरस फूट भर न घालता, एकही बेट न जिंकता. नकाशे अधिक बारकाईचे घेतले, एवढंच. शाळेत ७२० किलोमीटर म्हणून घोकलेला महाराष्ट्राचा किनाराही नव्या मोजणीत ८७८ च्या घरात गेला. धरमतर, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग या खाड्या पूर्वीही आत वळत होत्याच. आता त्यांच्या वळणांची नोंद झाली. डग्लस अॅडम्सच्या ‘हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’मध्ये ग्रहांचे किनारे आखणारा एक वृद्ध कारागीर आहे. नॉर्वेच्या दंतुर किनाऱ्याबद्दल त्याला बक्षीस मिळालेलं असतं, आणि त्या क्रिंकली कडांवर त्याचा जीव असतो. तो कोकणातून गेला असता तर दुसरं बक्षीस घेऊन गेला असता.

जवळ जाऊन पाहणाऱ्यांत शास्त्रज्ञांइतकाच मान गॅरेजवाल्यांचा. इंजिनाचं बोअर केल्यावर मेकॅनिक सिलिंडरला होनिंग करतो, म्हणजे आतल्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा मुद्दाम ओढतो. या क्रॉसहॅचमध्ये तेल धरून राहतं आणि पिस्टनच्या रिंगा नीट बसतात. भिंत अगदी चकचकीत झाली तर तेल टिकत नाही आणि इंजिन तेल प्यायला लागतं. किती रेघाळ म्हणजे पुरे? इथे विशेषणाला कुणी विचारत नाही. ड्रॉइंगवर मायक्रॉनचा आकडा असतो आणि तो आकडा ना रग्ड असतो ना रॅग्ड. एखाद्या पृष्ठभागाबद्दल इतक्या निर्मळ मनाने बोलणारी दुसरी जमात मला माहीत नाही.

आणि क्रिकेट. गोलंदाजाच्या बुटांनी खेळपट्टीवर जो भाग उखणला जातो, त्याला रफ म्हणतात. तिथे ते विशेषणाचं नाम झालं. १९९८ च्या मार्चमध्ये चेन्नईच्या कसोटीआधी सचिन तेंडुलकरला ठाऊक होतं की शेन वॉर्न लेग स्टंपबाहेरच्या याच रफमध्ये टप्पा टाकणार. त्याने सरावाच्या खेळपट्टीवर तेवढी जागा मुद्दाम उकरून घेतली आणि लक्ष्मण शिवरामकृष्णनला तिथे लेगस्पिन टाकायला लावली. पहिल्या डावात तो चारवर गेला, दुसऱ्यात त्याने नाबाद १५५ केल्या आणि भारत जिंकला. खेळपट्टीची तक्रार करणारे खूप असतात. खडबडीत जागा आधी घरी तयार करून तिच्याशी ओळख वाढवणारा विरळा. आम्हा पोरांच्या भाषेत सांगायचं तर त्याने आधी रफ वहीत सोडवलं.

इंग्रजांच्या नैतिक शब्दांतही एक खडा दडलेला आहे. स्क्रुप्युलस म्हणजे बारीकसारीक गोष्टीतही नीतीला जपणारा. लॅटिनमध्ये ‘स्क्रुपुलुस’ म्हणजे लहानसा टोकदार खडा, चपलेत शिरून पावलागणिक टोचणारा. ज्याला टोचतं तो स्क्रुप्युलस. ज्याला काहीच टोचत नाही त्याची चाल अर्थातच फार स्मूद असते. इंग्रजीतला स्मूद माणूस बहुधा भरवशाचा नसतो, हे तिच्या एकूण स्मूदप्रेमाच्या तुटवड्याशी सुसंगत आहे.

तर वागणुकीचा उलगडा माझ्यापुरता असा झाला. खडबडीतपणा सगळीकडे सारखाच. विशेषण बदलतं ते मालकाप्रमाणे. आपला असला की त्याला इतिहास असतो, दुसऱ्याचा असला की नुसताच दोष. बर्ट्रंड रसेल यांनी १९४८ साली बीबीसीच्या ‘ब्रेन्स ट्रस्ट’ या रेडिओ कार्यक्रमात याचं व्याकरणच सांगितलं होतं. एकाच स्वभावाला प्रथम पुरुषात कौतुकाचं विशेषण लावायचं, द्वितीय पुरुषात टोचरं, आणि तृतीय पुरुष बिचारा हजर नसल्यामुळे त्याला सरळ अपमानाचं. शाळेत आपण धातू चालवायचो, तशी ही विशेषणं चालवायची. मी रग्ड, तुम्ही रफ, तो रॅग्ड. माझं टेबल रस्टिक, तुमचं वॉन्की, त्याचं मोडकं. माझा दिनक्रम मुक्त, तुमचा अनियमित, आणि त्याला तर वेळेचं भानच नाही.

हे व्याकरण आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून मी हल्ली ते उलटं चालवून पाहतो. तो रग्ड, हे म्हणायला जमतं. ज्याच्याविषयी बोलतोय तो ऐकत नसल्याने फुकटचा गैरसमजही होत नाही. तुम्ही क्रॅगी, हेही जमतं, समोरचा पुरुष असला तर सुखावतोच. बाई असल्या तर मात्र मी विषय बदलतो. इतकी वर्षं कादंबऱ्यांनी जे केलं ते एकट्याने निस्तरणं अवघड आहे. उरला प्रथम पुरुष. मी रॅग्ड म्हणावं तर उगाच सहानुभूती मागितल्यासारखं होतं, मी रफ म्हणावं तर धमकी वाटते, मी बरोक म्हणावं तर घरचे हसतात. बऱ्याच विचारान्ती स्वतःसाठी मी वॉन्की घेतलं आहे. भाव थोडा कमी मिळतो, पण चव तीच असल्याचं पिशवीवर लिहून येतं.